कोल्हापूर ते काझा : दोन गाड्यांच्या तयारीच्या नोंदी

३ ऑगस्ट

गाड्या दोन, दोन्ही रॉयल एन्फील्ड हिमालयन ४११ मोटारसायकली. काझा म्हणजे हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं मुख्य गाव. नोंदीत ‘पहिली’ आणि ‘दुसरी’. मागच्या सीटवर कोणी नाही, तिथे सामान. वाट : पुणे, मुंबईच्या कडेने गुजरात, उदयपूर, जयपूर, दिल्ली, शिमला, किन्नौर, काझा, कुंझुम खिंड, मनाली आणि परत. फेरी ५,००० किमीच्या आसपास. प्रस्थान सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गणपती झाल्यावर.

कोल्हापूरच्या वेशीवरून जाणारा ४८ नंबरचा महामार्गच थेट दिल्लीला जातो, त्यामुळे वाट चुकायला फारसा वाव नाही. जपायचं ते दोन ठिकाणी. मुंबई–पुणे आणि अहमदाबाद–बडोदा या दोन्ही द्रुतगती मार्गांवर दुचाकीला बंदी आहे. मोबाइलच्या नकाशात दुचाकीचा पर्याय निवडलेला नसेल तर तो सरळ तिकडेच नेतो. खंडाळ्यातून जुना रस्ता धरायचा.

किन्नौरकडूनच चढायचं, मनालीकडून नाही. मनाली २,००० मीटरवर, कुंझुम ४,५५० च्या पुढे. तिकडून गेलं की शरीर एका दिवसात अडीच हजार मीटर वर जातं. शिमला–किन्नौर बाजूने तीच उंची चार-पाच मुक्कामांत विभागून मिळते.

सामानाची मर्यादा आजच ठरवली : रॅक (बाजूच्या बॅगा टांगायच्या लोखंडी चौकटी) आणि बॅगा धरून दर गाडीला ३० किलो. आकडा गाडीच्या ताकदीवरून काढलेला नाही, गाडी त्याहून जास्त ओढते. पण हे सगळं वजन मागच्या चाकाच्या वर आणि मागे बसतं. ते जितकं वाढेल तितकं पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर हँडल तरंगायला लागतं.

५ ऑगस्ट

न्यायचं म्हणून जे जे काढलं होतं ते फरशीवर मांडून काट्यावर घातलं. रॅकचे अंदाजे ५ किलो धरून पहिल्या गाडीचं सामान ४६.५ किलो भरलं.

कात्री कुठे लावली :

तंबू आणि स्लीपिंग बॅग, ५.४ किलो. मुक्कामाच्या सगळ्या गावांत होमस्टे आहेत, दोन्ही रद्द.

पेट्रोलचे पाच लिटरचे दोन कॅन. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे डब्यासकट आठ किलो. किन्नौरमध्ये रेकाँग पिओच्या पायथ्याला पोवारीचा पंप, पुढचा काझ्यात, अंतर २०० किमीच्या आसपास. टाकी १५ लिटरची. मायलेज मोजल्यावर पक्का निर्णय, पण कॅन गाडीवर बांधलेले छान दिसतात यापलीकडे कारण सापडत नाही.

हत्यारं दोन्ही गाड्यांवर दोनदा. एकच संच न्यायचा.

जीन्स. भिजली की दुप्पट जड आणि दोन दिवस वाळत नाही.

कांदा-लसूण चटणी, १ किलोची बरणी. यावरच सगळ्यात जास्त वाद झाला. पाव किलोवर मिटलं.

९ ऑगस्ट

चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चक्रं). दोन्ही गाड्यांची चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने धुतली. या चेनच्या सांध्यांत रबरी ओ-रिंग असतात आणि आतलं ग्रीस तेवढ्यावरच टिकून असतं. पेट्रोल त्या रबराला खातं, तारेचा ब्रश कापतो. ‘पेट्रोल मारलं की चकाचक’ हा सल्ला या चेनला लागू नाही.

दुसऱ्या गाडीच्या मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झालेत. चेन मागच्या टोकाला धरून ओढली तर दातापासून अर्धा दात सुटते. पुढचं, मागचं स्प्रॉकेट आणि चेन, सगळा संच बदलला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती महिन्या-दोन महिन्यांत जुन्यासारखी होते, वाचवलेले पैसे परत जातात.

ढील मोजताना चाक हळूहळू फिरवून चेनची सगळ्यात ताठ जागा शोधली आणि तिथेच मोजलं. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सैल जागेवर बघून बेतलं तर ताठ जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते. शिवाय सामान लादल्यावर मागचं चाक वर दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणून शेवटचं सेटिंग सामान बांधून पुन्हा करायचं.

स्पोक पान्याने एकेक वाजवून पाहिले. घट्ट स्पोक टणकन वाजतो, ढिला ठप्प. पहिल्या गाडीच्या मागच्या चाकात चार ठप्प निघाले. चाक व्हील अलाइनमेंटवाल्याकडे दिलं. चार निपल (स्पोकच्या टोकाचे नट) आपणच आवळून मोकळं होता येतं, पण मग रिम वाकडी फिरते.

१० ऑगस्ट

ब्रेक ऑइल दोन्ही गाड्यांत बदललं, डॉट ४. ते हवेतलं पाणी शोषतं. ताजं असताना उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरलेला चालतो असं त्याचं मानकच आहे. सपाटीवर फरक कळत नाही. लांब उतारावर ब्रेक सतत धरला की आत वाफ होते आणि लिव्हर मऊ पडतो.

पॅड अर्धे शिल्लक होते, तरी नवे बसवले. जुने स्पेअर म्हणून बरोबर. चिखल-वाळूच्या रस्त्यावर पॅड किती लवकर संपतात याचा अंदाज शहरातल्या वापरावरून येत नाही.

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-५०, फिल्टरसकट आजच बदललं. निघायच्या आदल्या दिवशी ऑइल बदलू नये : ड्रेन बोल्टचा वॉशर नीट बसला नसेल तर ते महामार्गावर कळतं. आधी बदललं की दोन चाचण्यांत गळती दिसते.

क्लच वायर : नवी वायर जुनीच्या शेजारून, त्याच वळणांनी नेऊन केबल टायने बांधून ठेवली. दोन्ही टोकांना ग्रीस आणि वर टेप. जुनी तुटली तर टाकी न उतरवता दोन टोकं जोडायची. हे काम घरी अर्ध्या तासाचं आहे, थंडीत सुन्न बोटांनी दोन तासांचं.

१४ ऑगस्ट

उद्यमनगरातून, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतून, रॅक आले. १६ मिमीचा पाइप, चेसिसला बसणाऱ्या कानांची पट्टी ४ मिमी, बोल्ट ८ मिमी. काळा रंग मारूनच दिले. रंग चाचणीनंतर मारायचा हे आधी सांगायला हवं होतं.

उजव्या बाजूला सायलेन्सर वर चढलेला असल्यामुळे तिकडचा रॅक जास्त बाहेर काढावा लागला. बॅग आणि सायलेन्सर यांत चार बोटं जागा आहे. रिकाम्या बॅगेला चार बोटं म्हणजे भरलेल्या, खड्ड्यात हेलकावणाऱ्या बॅगेला दोन. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, रॅकला, बॅगेला नाही.

१६ ऑगस्ट

पहिली चाचणी : बालिंगा, कळे, साळवणवरून गगनबावडा आणि परत, साधारण ११० किमी. पाऊस अपेक्षेप्रमाणे, म्हणजे थांबलाच नाही. बॅगांत कपड्यांऐवजी फाउंड्रीच्या वाळूच्या पिशव्या, वजन मोजून. कपडे भिजवून शिकण्यात अर्थ नाही.

पाणी : बॅगेचं कापड नव्हे, शिलाई गळते. तळाच्या कोपऱ्यात आत कपभर पाणी. बॅगेवर चढवायचं रेनकव्हर मागच्या चाकाच्या फवाऱ्याला खालून उघडंच असतं, त्यातही पाणी साठलं. उपाय : साखरेच्या पोत्याच्या आत येते ती जाड पॉलिथिन पिशवी मापाने कापून आत अस्तर म्हणून. तोंड दोनदा पिळून दुमडायचं आणि रबर लावायचं. रेनकव्हर घरी राहणार.

रॅक : दुसऱ्या गाडीच्या डाव्या बाजूचा खालचा बोल्ट अर्धा आटा सैल झाला. त्याच बोल्टच्या कानाशी, वेल्डिंगच्या कडेला, काळ्या रंगावर केसाएवढी तांबूस रेघ. बोटाने पुसली तर जाते, पाच मिनिटांत पाणी लागून पुन्हा येते. दोन लोखंडं एकमेकांवर घासली की निघते ती ही भुकटी. तडा आहे की नुसताच रंग फुटलाय हे रेघ पाहून सांगता येत नाही.

१८ ऑगस्ट

तडाच आहे. तपासायची जुनी रीत : रंग खरवडून जागा उघडी केली, रॉकेल लावून दहा मिनिटं मुरू दिलं, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि वर खडूची पूड घासली. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटली, १४ मिमी लांब. तड्यात शिरलेलं रॉकेल खडू परत ओढून घेतो. बाकीचे सात कानही असेच तपासले, ते कोरडे राहिले.

कारणं एकावर एक बसलेली. बोल्टखाली रंगाचा जाड थर होता. आवळताना तो दबत नाही, नंतर कंपनाने दबतो आणि बोल्टची पकड जाते. पकड गेल्यावर रॅक हलू लागला. हलणाऱ्या रॅकचा सगळा झोल एका कानावर आला, आणि तिथे वेल्डिंगच्या कडेला पाइप जळून खाच पडलेली होती. तडा नेहमी अशाच खाचेतून निघतो.

दोष एकट्या वेल्डिंगचा नाही. दोन बाजूंचे रॅक मागून एकमेकांना जोडलेलेच नव्हते, आणि नकाशा आमचाच होता.

दुरुस्ती : तडा ग्राइंडरने तळापर्यंत उघडून पुन्हा भरला. चारही खालच्या कानांची पट्टी ५ मिमी केली, प्रत्येकाला ३ मिमीचा त्रिकोणी टेकू. नंबर प्लेटच्या मागून डावा-उजवा रॅक जोडणारी आडवी दांडी टाकली. आता हाताने ढकललं तर रॅक नाही, अख्खी गाडी हलते. कानाचा चेसिसला टेकणारा भाग बिनरंगाचा, नुसतं पातळ ग्रीस. स्प्रिंग वॉशर काढून नायलॉनचे लॉक नट. वजन ६.१ किलो झालं, चालेल. आवळल्यावर प्रत्येक नट आणि बोल्टवरून पिवळ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना लावून बघायची गरज नाही.

वेल्डिंग रॅक गाडीवरून उतरवूनच केलं. गाडीवर ठेवून करणं भागच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, नाहीतर ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) उडू शकतो.

२२ ऑगस्ट

पंक्चरचा सराव. दोन्ही गाड्यांची चाकं ट्यूबची : पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. मागचं चाक दोघांनी एकेकदा पूर्ण उतरवून, ट्यूब काढून परत बसवलं, घरून नेणार त्याच हत्यारांनी. जे हत्यार या सरावात लागलं नाही ते पेटीतून बाहेर. १९ पाने होते, ११ राहिले.

क्रम असा ठरला. डबल स्टँड, खाली फळी. सामान आधी उतरवायचं. ॲक्सलचा नट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या स्पेसरचे फोटो. ते वेगळे आहेत आणि उलटे बसले तर चाक अडकतं. चाक पुढे ढकलून चेन उतरवायची, मग ॲक्सल. एबीएस सेन्सरची वायर ओढली जाणार नाही हे बघायचं. चाक बाहेर आल्यावर मागचा ब्रेक कोणी चुकून दाबला तर पॅड मिटतात, म्हणून त्यांच्यात लाकडाची पाचर.

व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली तरी टायरची कड रिमला चिकटून राहते. ती दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडखाली दाबून सोडवली. नवख्याचं गाडं इथून पुढे अडतं. एकीकडे टायर उचकटायचा लिव्हर लावतो आणि समोरची कड रिमच्या काठावरच बसलेली असते. मग टायर लहान वाटतो, जोर वाढतो, लिव्हर ट्यूबला चावतो. समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली तर लिव्हर दोन बोटांनी उलटतो. पहिल्या प्रयत्नात ट्यूब चावलीच. सरावाला जुनी ट्यूब होती.

पॅच : पॉलिश पेपरने घासून जागा मळकट काळी करायची, चकाकी राहता कामा नये. सोल्यूशन लावून पाच मिनिटं थांबायचं. बोटाला नुसतं चिकट लागलं पाहिजे, ओलं नाही. ओल्यावर लावलेला पॅच गरम रस्त्यावर सरकतो. टायरच्या आतून हात फिरवल्याशिवाय ट्यूब घालायची नाही, खिळा तिथेच असतो. बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा, म्हणजे घडी पडत नाही, आणि भरपूर टाल्कम. व्हॉल्व्हचा नट शेवटी रिमला घट्ट आवळायचा नाही; टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होऊन दिसतो, घट्ट असेल तर मुळाशी फाटतो.

वेळ : पहिल्याला १ तास ५० मिनिटं, दुसऱ्याला १ तास १० मिनिटं.

स्पेअर ट्यूब : पुढची एक २१ इंची, मागची एक १७ इंची. अडचणीत २१ ची १७ मध्ये दुमडून हळू चालवत पुढच्या गावापर्यंत नेता येते, उलटं जमत नाही.

२४ ऑगस्ट

वायरिंग. यूएसबी चार्जर बॅटरीवरून, पण इग्निशनने चालणाऱ्या रिलेमार्फत. थेट जोडलेला चार्जर गाडी बंद असतानाही थोडं थोडं पितो. ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. चार्जरजवळ लावला तर मधली वायर उघडीच राहते. बॅटरी उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट, इंजिन ३,००० फेऱ्यांवर १४.१. ठीक.

जादा दिवे लावायचे नाहीत. रात्री चालवायचं नाही असं ठरलंय, मग वजन कशाला.

हँडलवर फोन लावण्याबद्दल : इंजिनची कंपनं फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिर करणारी यंत्रणा बिघडवतात. ॲपलनेच २०२१ मध्ये तशी सूचना काढली होती. हँडलवर जुना फोन, खाली रबरी डँपर. चांगला फोन अंगावरच्या जाकिटात.

(गणपतीत काम बंद. उद्यमनगरही बंदच समजायचं.)

८ सप्टेंबर

दुसरी चाचणी, खऱ्या सामानासह : राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज. मीटरवर ३०८ किमी. टाकी तोंडापर्यंत ते तोंडापर्यंत १०.६ लिटर, म्हणजे २९ किमीचं मायलेज. दोन लिटर तळाला राखून १३ लिटरात ३७७ किमी. चढ, खराब रस्ता आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं चालणं यासाठी पाव भाग वजा केला तरी २८० उरतात. पोवारी–काझा २००. कॅन कायमचे रद्द.

मागचं सस्पेन्शन : चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत एक माप, मग सामान बांधून चालक बसल्यावर दुसरं. फरक ७६ मिमी. चाकाची एकूण चाल १८०, तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, म्हणजे ६० च्या आसपास दबलेलं हवं. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच ताणून ठेवणारी, कॉलर फिरवून ६२ वर आणलं. हे केलं नाही तर मोठ्या खड्ड्यात शॉक तळाला आपटतो आणि तो धक्का थेट रॅकच्या कानात जातो. मागची बाजू उचलल्यावर हेडलाइट खाली आला, तो भिंतीसमोर उभं करून पुन्हा लावला. चेनची ढीलही पुन्हा पाहिली, थोडी वाढवली.

पिवळ्या रेघा : सोळापैकी सोळा अखंड.

१० सप्टेंबर

पॅकिंग. जड ते खाली आणि पुढे, सीटच्या जवळ. हत्यारं-स्पेअर पहिल्या गाडीच्या डाव्या बॅगेत तळाला, म्हणजे उजवीकडच्या सायलेन्सरच्या वजनालाही तोल मिळतो. उजवीकडे कपडे, गुंडाळी करून, पॉलिथिनच्या अस्तरात. दुसऱ्या गाडीवर हत्यारांच्या जागी ट्यूब, पंप, औषधं, खाऊ. मागच्या कॅरिअरवर फक्त हलकं : थंडीचं जाकीट, रेनसूट. रेनसूट सगळ्यात वर; पाऊस आल्यावर तो शोधत बसलं तर तोवर सगळं भिजतं. थंडीतही तोच वर चढवायचा, वारा अडतो.

पंक्चर किट हत्यारांच्या पेटीत नाही, वेगळं आणि वर. टँक बॅगेत कागदपत्रं, हवेचा गेज, टॉर्च, पाण्याची एक बाटली.

बांधायला हूकवाले रबरी दोर नाहीत. खड्ड्यात ताणतात, हूक सुटतो आणि चाकात जातो. बकलचे पट्टे घेतले, आणि प्रत्येक पट्ट्याचं लोंबतं टोक गुंडाळून केबल टायने बंद. डावीकडचं टोक चेनमध्ये जायला दहा सेकंद लागत नाहीत.

स्पेअर : क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, गिअर लिव्हर, ॲक्सिलरेटर वायर, स्पार्क प्लग, एच४ बल्ब, फ्यूज, चेनची जोडकडी, एम-सील, बायंडिंग वायर दोन मीटर, ६ आणि ८ मिमीचे मूठभर नट-बोल्ट. बायंडिंग वायर बघून लोक हसतात. तुटलेला रॅक, लटकणारी नंबर प्लेट, सुटलेला मडगार्ड, तिघांनाही तीच लागते.

चटणी डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या डब्यात. तेल सुटतंच. कपड्यांच्या बॅगेत तर अजिबात नाही.

काट्यावर : पहिली २९.८, दुसरी २८.३.

११ सप्टेंबर

हवा. एकट्याने चालवायला पुढे २५, मागे ३२ पीएसआय. सामानामुळे २७ आणि ३४ ठेवली, मागे माणूस असल्यासारखी.

उंचीवर हवा सोडावी लागते का, याचा हिशेब. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. कोल्हापुरात बाहेरचा दाब १३.७ पीएसआयच्या आसपास, कुंझुमवर ८.३. म्हणजे काहीही न करता गेज सव्वापाच-साडेपाच जास्त दाखवेल. पण कोल्हापूरच्या ३५ अंशांवरून शून्याला आलं की आतली हवा आकसून जवळपास तेवढाच दाब उतरतो. दोन्ही मिळून आकडा जागेवरच. दुपारी तापलेल्या टायरवर गेज लावून हवा सोडली तर पहाटे टायर बसलेला असतो आणि पहिल्याच दगडावर रिम ट्यूबला चावते. मोजायचं ते सकाळी, थंड टायरवर.

औषधं : ओआरएस, तापाची, पोटाची, पट्ट्या. उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलं तरच. डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तर वर चढायचं नाही, खाली उतरायचं. हे आज ठरवून ठेवलं, कारण तिथे गेल्यावर कोणी ऐकत नाही.

कागद : आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये, तरीही प्लास्टिकमध्ये छापील प्रती, रेंज नसते तिथे त्याच चालतात. विम्याची तारीख परतीच्या पंधरा दिवस पुढची आहे, पाहिलं. रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून.

१२ सप्टेंबर

पहाटे पाचला निघायचं. टाक्या भरल्या, चेनला तेल, मीटरचे आकडे लिहिले. पहिली २३,४१६, दुसरी ३१,०८२.

पहिला थांबा १०० किमीवर, कराड ओलांडल्यावर. चहाच्या आधी पिवळ्या रेघा, पट्टे, सायलेन्सरजवळची बॅग हात लावून, आणि इंजिनखाली तेलाचा थेंब. नंतर रोज सकाळी हेच, याच क्रमाने.